पाऊस की पर्वत?

तुम्ही अरबी समुद्रात आहात, किनाऱ्यापासून सुमारे 475 किलोमीटर पश्चिमेला. साल 2015, एप्रिल महिना. पायाखाली 'जॉइडेस रिझोल्यूशन' हे खोदकाम करणारं जहाज, त्याखाली साडेतीन किलोमीटरहून जास्त पाणी आणि त्याखाली लक्ष्मी खोऱ्याचा तळ. कोलंबोहून निघालेली ही मोहीम, क्रमांक 355, मुंबईत संपणार आहे. गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतल्या लुईझियानाचे पीटर क्लिफ्ट हे तिचे दोन प्रमुख. काम चोवीस तास, बारा-बारा तासांच्या पाळीत. त्यामुळे एकाचा नाश्ता तेच दुसऱ्याचं रात्रीचं जेवण.

स्पीकरवर आरोळी येते, "कोअर ऑन डेक!" माणसं साडेनऊ मीटर लांबीची प्लास्टिकची नळी दोन्ही हातांनी तोलत आणतात, फळीवर आडवी ठेवतात आणि दीड-दीड मीटरचे तुकडे पाडतात. नळीत हिरवट-राखाडी चिखल. वास येतो तो खाडीच्या ओहोटीचा. पुढे नळ्या उभ्या चिरल्या जातील, अर्धा भाग अभ्यासाला आणि अर्धा जपून ठेवायला. मोहीम संपल्यावर सगळ्या नळ्या कोचीला जातील. केरळातल्या नव्हे, जपानमधल्या.

या चिखलातून तुम्हाला खाली उतरायचं आहे. जितके मीटर खाली, तितका जुना काळ. प्रवासाचा नियम एकच: जाल तिथे डोळे भरून काहीही पाहा, पण परत येताना आणायची ती फक्त चिमूटभर माती, तीही दोन मायक्रॉनहून बारीक कणांची. संशोधकाच्या हाती एवढंच लागतं, मग तुम्हाला सवलत का?

निघण्याआधी चार जणींची ओळख करून घ्या, नाहीतर आणलेली माती ओळखता यायची नाही.

पहिली स्मेक्टाइट. ही तुमच्या ओळखीची आहे. खानदेश-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत मुख्यतः हीच असते. पावसाळ्यात फुगते, चपलेला चिकटून पाय जड करते. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की आत हात जातो. बेसॉल्ट कुजला, ओल आणि कोरड आलटून पालटून आली, पाण्याचा निचरा नीट झाला नाही, की ही तयार होते. दुसरी केओलिनाइट, कोकणातल्या जांभ्यात सापडणारी. तिच्यासाठी पाऊस असा लागतो की खडकातला सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जाईल, सिलिकाही बरीचशी जाईल, आणि निचरा उत्तम हवा. उरलेल्या दोघी, इलाइट आणि क्लोराइट, डोंगरातल्या. अभ्रकासारखी खनिजं असलेले खडक नुसते फुटून, दळून निघाले की त्या मिळतात. हवा-पाण्याला खडकावर काम करायला वेळच मिळालेला नसतो, कारण एकतर थंडी कडक असते, नाहीतर उतार इतका उभा की दगड सुटला तो थेट नदीत.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पूर्णचंद्र राव आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाची माती तपासली. 1995 मध्ये छापून आलेल्या त्या कामात याच चौघींचा नकाशा दिसतो: सिंधूच्या मुखाकडे इलाइट आणि क्लोराइट, सौराष्ट्र ते गोवा या पट्ट्यात स्मेक्टाइट, गोव्याच्या दक्षिणेला केओलिनाइटचं प्रमाण वाढलेलं. म्हणजे किनाऱ्यामागे खडक कोणता आणि पाऊस कसा, हे समुद्रतळाच्या चिखलात उमटतं.

आणि इथेच कुठेतरी पाणी मुरतं. इलाइट वाढली तर हवा थंड-कोरडी झाली म्हणायचं की डोंगर उंच झाला म्हणायचं? चिखल दोन्हींसाठी एकच उत्तर देतो.

चला.

पहिला मुक्काम जवळचाच, 20 हजार वर्षांपूर्वीचा. तुम्ही मुंबईच्या पश्चिमेला आजच्या किनाऱ्यापासून 160 किलोमीटर चालत आला आहात आणि पायाला पाणी लागलेलं नाही. पुढे कधीतरी इथेच मुंबई हायचे तेलाचे फलाट उभे राहतील, 75 मीटर पाण्यात. आत्ता मात्र समुद्र 120 मीटरने उतरलेला आहे, कारण ते पाणी उत्तर अमेरिका आणि युरोपवर बर्फ होऊन बसलं आहे. आषाढ असूनही पाऊस बेताचा. हिवाळ्यात ईशान्येचा कोरडा वारा चांगलाच जोर धरतो.

इथून वायव्येला जा, सिंधूच्या मुखाशी. आजची सिंधू आपला गाळ त्रिभुज प्रदेशात आणि उथळ समुद्रात टाकते. आत्ताची सिंधू थेट एका खोल समुद्री दरीच्या तोंडाशी येऊन ओतते. गढूळ पाणी त्या दरीतून खाली घसरतं आणि शेकडो किलोमीटर दूर लक्ष्मी खोऱ्यापर्यंत पोचतं. चिमूट उचला. इलाइट, क्लोराइट भरपूर.

आता परत जाऊन कुणी म्हणेल, हिमयुगात थंडी होती, म्हणून खडक कुजला नाही, म्हणून इलाइट. ते खोटं नाही. पण तुम्ही तर पाहिलंत की नदीचं तोंडच सरकलं होतं. हिमालयात काहीही बदललं नसतं, तरी या खोऱ्यात हिमालयाची माती वाढलीच असती. ज्याने फक्त चिमूट पाहिली त्याला हे कसं कळावं?

चिमटीचं प्रयोगशाळेत काय होतं ते एकदा नीट पाहून घ्या. मुक्कामागून मुक्काम तेच करायचं आहे. ॲसेटिक आम्लाने शिंपल्यांचा चुना काढून टाकायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग. मग माती उंच नळकांड्यात पाण्यात ढवळायची आणि हात लावायचा नाही. जड कण आधी बसतात. दोन मायक्रॉनचा कण 20 अंश तापमानाच्या पाण्यात दहा सेंटिमीटर खाली जायला सुमारे आठ तास घेतो. तेवढा वेळ झाला की वरच्या दहा सेंटिमीटरमधलं दुधट पाणी पिपेटने उचलायचं, त्याचे थेंब काचपट्टीवर सोडायचे आणि वाळू द्यायचे. चौघींचेही कण चपट्या पापुद्र्यांचे असल्यामुळे वाळताना एकावर एक आडवे बसतात. आठ तासांच्या हिशेबात कुणी घाई केली तर मोठे कण पट्टीवर येतात आणि पुढचं सगळं बिघडतं.

मग क्ष-किरण. पट्टी वाळलेली असताना एकदा, ग्लायकॉलची वाफ देऊन दुसऱ्यांदा (हेच ते, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते), आणि 550 अंशांवर भाजून तिसऱ्यांदा. स्मेक्टाइटच्या थरांमधलं अंतर एरवी 14-15 अँगस्ट्रॉम असतं. ग्लायकॉल प्यायल्यावर ती फुगते आणि 17 वर जाते. भाजली की आक्रसून 10 वर येते. इलाइट तीनही वेळा 10 वरच, ढिम्म. केओलिनाइटचं आलेखातलं 7 अँगस्ट्रॉमवरचं शिखर भाजल्यावर नाहीसं होतं. क्लोराइट भाजूनही टिकते. एवढ्यावरून चौघी वेगळ्या ओळखता येतात. टक्केवारी मात्र शिखरांच्या क्षेत्रफळावरून काढतात, पिअर बिस्काये यांनी 1965 मध्ये अटलांटिकच्या चिखलासाठी दिलेले गुणक वापरून, आणि ती अंदाजीच असते. तक्त्यात दशांशापर्यंत दिलेले आकडे दिसले तर त्या दशांशाकडे दुर्लक्ष करा.

पुन्हा खाली. हिमयुगं आणि उबदार काळ आलटून पालटून सरकताहेत. सगळं सलग नाही. मध्येमध्ये लाखो वर्षांचा गाळच गायब आहे. थेट 80 लाख वर्षांपूर्वी थांबा, पण समुद्रात नको. जमिनीवर या, आजच्या पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर.

इथे पठार नाही अजून. सपाट मैदान आहे, सुस्त नद्यांचं. उत्तरेला हिमालय धुरकट दिसतो. शिवपिथेकस हा मोठा वानर ज्या जंगलात राहायचा ते जंगल विरळ होतंय आणि तोही काही लाख वर्षांपूर्वी इथून संपला आहे. तीन खुरांचे हिप्पॅरियन घोडे कळपाने चरताहेत. आजूबाजूला वाढतंय ते नव्या प्रकारचं गवत, ज्वारी-बाजरी-उसाच्या पद्धतीने सूर्यप्रकाश वापरणारं. उन्हाळा लांबला, कोरड वाढली तरी ते तग धरतं. पुढे 1989 मध्ये जे क्वेड, थ्यूर सर्लिंग आणि जॉन बोमन याच मातीतले कंकर तपासतील, त्यातल्या कार्बनवरून गवताचा हा बदल ओळखतील.

इथे थोडे दिवस राहा. घाई नको.

पावसाळ्यात नदी काठ सोडते आणि मैदानभर गाळ पसरते. पाणी ओसरायला आठवडे लागतात. मग कोरडे महिने. गाळ तडकतो. पुढच्या वर्षी पुन्हा पूर, पुन्हा कोरड. नदी इतकी आळशी की हाच गाळ उचलून समुद्रात न्यायला तिला हजारो वर्षं लागतील. तोवर तो मुरतो, लोणच्यासारखा. डोंगरातून आला तेव्हा त्यात इलाइट, क्लोराइट आणि कच्चे खनिजकण होते. मैदानात पडून पडून त्यातल्या बऱ्याच भागाची स्मेक्टाइट होते. हे एका जागी उभं राहून दिसत नाही. पण एकाच नदीकाठच्या वरच्या आणि खालच्या थरांची माती बोटांत चोळून पाहा: एक खरखरीत, दुसरी साबणासारखी.

आता दुसऱ्या टोकाला, श्रीलंकेच्या खूप दक्षिणेला, विषुववृत्ताजवळ. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ इथपर्यंत येतो. 1987 मध्ये समुद्रखोदाईच्या 116व्या फेरीत इथला चिखल वर काढला गेला आणि त्यात एक चमत्कारिक गोष्ट निघाली. जुन्या गाळात इलाइट-क्लोराइटचं राज्य. साधारण 70 लाख वर्षांपूर्वी ते ढळतं आणि स्मेक्टाइट पुढे येते. गाळ साठायचा वेगही मंदावतो. 10 लाख वर्षांच्या अलीकडे पुन्हा इलाइट. पहिला संशय यायचा तो दुसऱ्याच खडकाची माती आल्याचा. पण क्रिस्तियाँ फ्राँस-लानोर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये निओडिमियमची समस्थानिकं तपासून दाखवलं की माती सगळ्या काळात मुख्यतः हिमालयाचीच आहे. खडक तोच, नद्या त्याच. बदललं ते मधल्या मैदानातलं वास्तव्य. गाळ कमी येऊ लागला आणि जास्त मुरू लागला.

का? पर्वताची झीज मंदावली म्हणून, की पावसाचा जोर आणि ऋतू बदलले म्हणून? तुम्ही त्या मैदानात राहून आलात, तुमची साक्ष काय? गवत पाहिलंत, भेगा पाहिल्यात, लांबलेला उन्हाळा पाहिलात. पण पर्वत उंच होत होता की झिजत होता, हे दोन-चार दिवसांत कुणाला दिसणार?

याच सुमाराचं आणखी एक प्रकरण आहे. ओमानसमोरच्या समुद्रात मान्सूनच्या वाऱ्याने खालचं थंड पाणी वर आलं की एक विशिष्ट प्लवक फोफावतो. तिथल्या गाळात तो साधारण 85 लाख वर्षांपूर्वी एकदम वाढलेला दिसला. मग 1990च्या दशकात छान गोष्ट जुळली: तिबेट उंचावलं, मान्सून जागा झाला, गवत आलं. आकर्षक होती. पण मान्सून बळावला तर पोटवारवर कोरड का वाढावी? पुढे मालदीवच्या समुद्रातल्या खोदाईने मान्सूनी वाऱ्यांचा आजच्यासारखा जोर मागे नेला, 1 कोटी 29 लाख वर्षांपर्यंत. वारा आणि पाऊस एकत्रच वाढतात-घटतात हे गृहीतच कच्चं होतं. माझं मत विचाराल तर '80 लाख वर्षांपूर्वी मान्सून सुरू झाला' हे वाक्य आता कुणी लिहू नये. मातीने ते कधी सांगितलंच नव्हतं.

अजून खाली, 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी. इथे पाय घट्ट रोवा. लक्ष्मी खोऱ्याच्या तळाशी शांत गाळ पडतोय आणि अचानक सगळा समुद्रतळ हलतो. गुजरातच्या बाजूचा उतार ढासळला आहे. चुनखडकांच्या दरडी, फाटलेले गाळाचे पट्टे, सगळं घुसळत अंधारात येतंय. या दरडीला 'नटराज' असं नाव दिलं आहे. आकारमान सुमारे 19 हजार घन किलोमीटर. तुमच्या खोदाईच्या जागी तिचा थर 330 मीटर जाड आहे. इथे चिमूट घेऊ नका. घेतलीत तर हाती लागेल ती भलत्याच काळातली माती, वरची खाली नि खालची वर. चिखल क्रमाने साठतो हा सगळ्या प्रवासाचा पाया, तो या थरात लागू नाही.

दरडीखाली या चिखलाच्या पुस्तकाची फारशी पानं नाहीत. शेजारच्या दुसऱ्या विवरात तर दरडीच्या खाली एकदम सव्वासहा कोटी वर्षांच्या आसपासचा गाळ लागतो आणि मग बेसॉल्ट. मधली कोट्यवधी वर्षं वाचायला दुसरीकडे जावं लागतं. दक्षिणेला, अंटार्क्टिकाजवळच्या मॉड राइज या समुद्री उंचवट्यावर. तिथे दोन धावत्या भेटी पुरे. 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी: स्मेक्टाइट मागे पडते, इलाइट आणि क्लोराइट वर येतात. किनाऱ्याकडे पाहा, हिमनद्या खडक दळताहेत. ही साक्ष स्वच्छ आहे, कारण त्याच वेळी समुद्रातल्या शिंपल्यांचं रसायनही थंडीच सांगतं. दुसरी भेट 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, पृथ्वी अचानक तापली तेव्हाची. त्याच जागी केओलिनाइट वाढते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उष्ण, धो-धो पाऊस! पण जरा थांबा. केओलिनाइटची जाड माती पिकायला लाखो वर्षं लागतात आणि तापमान चढलं ते काही हजार वर्षांत. म्हणजे यातली बरीच केओलिनाइट आधीच तयार होऊन पडली असणार. पावसाने ती फक्त वाहून आणली. पाऊस वाढला हे खरं, पण माती त्या पावसाची नव्हे.

आता घरी या. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या घरी.

सह्याद्री नाही. आहे तो काळ्या लाव्ह्याचा सपाट विस्तार, नजर पोचेल तिथवर. हा थर थंड होऊन बराच काळ झालाय. त्याच्या वरच्या भागाला हात लावा: दगड ठिसूळ झालाय, तांबडा पडलाय, नखाने खरवडला तर पूड निघते. पावसाची सर येते आणि डोळे चुरचुरतात. ज्वालामुखींनी हवेत सोडलेला गंधक पावसातून उतरतोय. पूर्वेकडे, पुढे चंद्रपूर जिल्ह्यात जिथे पिसदुरा गाव वसेल तिथे, लांब मानेचे टायटॅनोसॉर चरताहेत. त्यांच्या दगड झालेल्या शेणात 2005 मध्ये गवताच्या पेशींचे अवशेष सापडतील. म्हणजे पोटवारवर जे गवत नवं वाटलं, त्याचे पूर्वज इथे आधीच आहेत.

मग दूरवर लाल रेघ दिसते, जवळ येते, आणि नवा लाव्हा या तांबड्या मातीवरून वाहत जातो. ती भाजते, दबते, झाकली जाते. तिला भूशास्त्रज्ञ 'रेड बोल' म्हणतात. घाटात डोंगर कापलेला असेल तिथे दोन काळ्या थरांमध्ये तांबडी पट्टी दिसते ना, तीच. धरणाच्या आणि बोगद्याच्या कामावर असलेल्या इंजिनिअरांना ती चांगलीच माहीत असते, कारण ओली झाली की ती दगा देते.

बोलमधली चिमूट बहुतेक वेळा स्मेक्टाइटच दाखवते, केओलिनाइट थोडी. वाचायला सोपं वाटतं: पाऊस होता, पण केओलिनाइट पिकेल इतका वेळ दोन लाव्ह्यांच्या मध्ये मिळाला नाही. की वेळ मिळाला, पण पाऊसच बेताचा होता? त्यात पुन्हा, काही बोल हे कुजलेला बेसॉल्ट नसून पडलेली राख आहे. गंमत अशी की या राखेनेच सुटका केली. ब्लेअर शोन यांच्या गटाने काही बोलमधून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेचले आणि युरेनियम-शिशाच्या घड्याळाने त्यांचं वय काढलं. निष्कर्ष 2015 आणि 2019 मध्ये आले. थरांमधला वेळ आता मोजता येतो. वेळ कळला, की उरलेला प्रश्न पावसाचा, आणि तो मातीला विचारता येतो. वर्षानुवर्षं नुसत्या चिखलाकडून दोन अज्ञातांची उत्तरं मागणाऱ्यांनी हा धडा आधीच घ्यायला हवा होता.

आता परतीला लागा, आणि वाटेत 2015 ला न उतरता पुढे चला. कितीही पुढे, लाखभर वर्षं म्हणा. कुणीतरी पुन्हा लक्ष्मी खोऱ्यात नळी उतरवली आहे. विसाव्या शतकाच्या थराशी येऊन ते लोक अडखळतात. तापीची स्मेक्टाइट कमी होते. सिंधूकडून येणारी मातीही घटते. दोन्ही जवळपास एकाच वेळी, आणि हवामान तापत असल्याचे पुरावे शिंपल्यांत असताना. एक गट म्हणतो, दख्खनचा पाऊस गेला. दुसरा म्हणतो, हिमालयाची झीज थांबली. खानदेशातली काळी माती 1972 पासून तापीवरच्या उकाई धरणाच्या भिंतीमागे आणि हिमालयाची माती 1976 पासून सिंधूवरच्या तरबेला धरणाच्या भिंतीमागे अडून बसली आहे, हे त्यांच्या चिमटीत कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही शेजारी उभे आहात आणि नियमाप्रमाणे तुमच्या हातातही तेवढीच माती आहे.